मार खाल्लेली पिशवी

नवऱ्याच्या मारातून सुटून आमच्या इमारतीत लपलेल्या मुलीचं नाव आणि मजला मी पत्र्याच्या पाटीवर रंगवून फाटकाला टांगला. अक्षर सुरेख आलं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मेश्राम सिस्टरांबद्दल कुठूनही सुरुवात केली तरी ती पाटी आडवी येतेच, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ इतका वेळ काहीतरी दडवत होता. दडवण्याची कला माझ्यात असती तर पाटी लागलीच नसती.

कर्वेनगरातली आमची इमारत दोन मजल्यांची. पहिल्यावर आम्ही, आमच्या डोक्यावर सिस्टर. मी बँकेत होतो. बँकेत संगणक आले तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा बँकेची होती. सिस्टर नागपूरकडच्या एका सरकारी रुग्णालयात जन्मभर अपघात विभागात राबून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली, त्याने फ्लॅट घेतला, आईला बोलावलं आणि वर्षभरात कंपनीने त्यालाच अमेरिकेला पाठवलं. फ्लॅट राहिला, फ्लॅटमध्ये आई राहिली.

पहिली भेट झाली ती धपाधप आवाजामुळे. वरच्या मागच्या गॅलरीत कोणीतरी कोणाला तरी मनापासून बडवत होतं. मधेच श्वास घ्यायला थांबत होतं, पुन्हा सुरू. आमची मंदा म्हणाली, "अहो, वर जाऊन बघा, कोणीतरी मरेल." मी म्हटलं, "आपली ओळख नाही." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर गेलो. दार उघडलं. ठेंगणी, रुंद मनगटांची बाई, साडी खोचलेली, छातीशी उलटं घड्याळ टाचलेलं, चेहरा वाफेने लाल, हातात कपडे धुण्याची लाकडी थापी.

"नमस्कार. आपण... कोणाला मारताय का?"

"लोकर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाहायची असंन तर या. नाही तर दार लावते, पाणी थंड होऊन राहिलं."

गॅलरीत घमेल्यात उकळतं पाणी, साबणाचा फेस आणि दगडावर पसरलेलं एक निळंकाळं लोकरीचं काहीतरी. त्यावर त्या थापीने असे घाव घालत होत्या की त्या वस्तूने कबुलीजबाब द्यावा. लोकरीचं ढगळ विणायचं, उकळत्या पाण्यात बुडवायचं, बडवायचं, पिळायचं, एकदम गार पाण्यात टाकायचं, पुन्हा उकळतं. लोकर आटत जाते, टाके एकमेकांत गुंतून दिसेनासे होतात आणि शेवटी हाती येतो चामड्यासारखा जाड नमदा. रुग्णालयाच्या धोबीखान्यात त्यांचा स्वेटर एकदा चादरींबरोबर उकळला गेला, तेव्हा त्यांना हे कळलं. "बाहेर आला तर पोराच्या मापाचा. अन् इतका टणक, सुई आत जाईना. मी धोब्याला दोन ठेवून दिल्या, अन् मग विचारलं, कसं केलं ते सांग."

आधी दोन ठेवून द्यायच्या आणि मग विचारायचं, हा त्यांच्या स्वभावाचा एकूण क्रम होता.

अपघात विभागाने त्यांना बोलायचा एक विषय दिला होता आणि तो त्या कुठेही काढत. सोसायटीच्या सभेत बटाटेवडे आले. वडा मधोमध उघडून त्यांनी आमच्या चेअरमनना दाखवलं, "चाकू तिरपा गेला की कातडी अशी फाकते. आतलं हे पिवळं दिसलं की समजायचं, वेळ कमी आहे." चेअरमननी वडा खाली ठेवला तो ठेवलाच. सिस्टरांनी स्वतःचा खाल्ला आणि त्यांचाही खाल्ला.

दारू पिऊन आलेल्या एकाने एकदा वॉर्डात सुरा काढला होता. डॉक्टर टेबलाखाली गेला. सिस्टरांनी इंजेक्शनांचा स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या मनगटावर कडेने मारला. "कडेनं मारायचं. सपाट मारला तर नुसता आवाज होते." सुरा पडला, मनगट मोडलं. मग त्यांनीच त्याला खुर्चीवर बसवून प्लास्टर घातलं. "तो रडून राहिला होता. म्हणे, सिस्टर, दुखते. म्हटलं, दुखंन ना बाप्पा, मी काही कापसानं नाही मारलं."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक शांत मूर्ती होती. तिच्याकडे बघत मी एकदा म्हणालो, "सिस्टर, तुमच्यात तर अहिंसा ना?" असले प्रश्न मला उत्तमच सुचतात. त्यांनी विणकाम खाली ठेवलं. "अहिंसा म्हणजे दुसऱ्याला मार पडत असताना बाजूला उभं राहणं नाही, पेंडसेभाऊ. त्याला दुसरं नाव आहे. तुम्ही शिकलेले आहात, शोधा."

एकदा स्वारगेटहून आम्ही दोघं बसने येत होतो. मी लोकरीचा गुंडा धरून उभा आणि त्या गर्दीत उभ्या उभ्या विणत होत्या. बस धक्के खायची, सुया चुकायच्या नाहीत. पुढे कॉलेजातली एक मुलगी उभी होती आणि तिच्या मागे एक इस्त्रीच्या शर्टातला मनुष्य नको तेवढा खेटून उभा होता. मुलगी सरकली की तोही सरके. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. एकाएकी तो मनुष्य किंचाळला. माझ्यातला सज्जन जागा झाला. "अहो, काय झालं? बरं वाटत नाही का? बसता का इथे?" असं म्हणत मी एका म्हाताऱ्याला उठवायलाही निघालो होतो.

सिस्टरांनी लोखंडी सुई त्याच्या मांडीतून काढून रुमालाने पुसली आणि शांतपणे सांगितलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाक आजच. सुई जुनी आहे." पुढच्या थांब्याला तो उतरला, पँटवर रुपयाएवढा लाल डाग घेऊन. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "गुंडा वर धरा. तुम्ही त्याला जागा देऊन राहिले होते ना? छान."

या बाईंकडे एका सकाळी वृषाली आली. अकोल्याची मुलगी, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. सिस्टरांच्या जुन्या मैत्रिणीची भाची. ओठ फाटलेला, डाव्या कानामागे केस उपटल्याची टक्कल पडलेली चकती, आणि छातीशी धरलेला लॅपटॉप, म्हणजे लॅपटॉपचे दोन भाग. नवरा चिंचवडला एका कारखान्यात होता. त्याची नोकरी गेली, हिचा पगार वाढत गेला. आधी तो हिला मारायचा. मग त्याच्या लक्षात आलं की ही मार खाऊनही सकाळी कंपनीच्या बसला उभी असते. तेव्हा त्याने लॅपटॉप उचलून फरशीवर आपटला. ती सिस्टरांकडे आल्यावर आठवड्याभरात कंपनीने दुसरा दिला आणि साहेबांनी बजावलं, हाही फुटला तर आम्हाला विचार करावा लागेल.

"मला मारलं ते चालेल, मावशी," वृषाली म्हणाली. "पण हा फुटला तर नोकरी जाईल. नोकरी गेली की मला परत तिथेच जावं लागेल."

"तुला मारलेलंही चालणार नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि फ्रॅक्चरचं माप घ्यावं तसा वितीने नवा लॅपटॉप मोजायला लागल्या.

पिशवी करायची ठरली. दुकानातल्या नायलॉनच्या पिशव्या त्यांनी दाबून पाहिल्या आणि बाजूला टाकल्या. यात हाड वाचत नाही म्हणे. अस्सल लोकर आणायला मला लक्ष्मी रोडला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "काका, एकदम वुलन, मोरपंखी बघा." रंग फार छान होता. सिस्टरांनी विणलं, उकळलं, दोन दिवस बडवलं. मोरपंखी जशीच्या तशी, उलट जरा सैल झाली. त्यांनी एक धागा काडीवर जाळला. धागा वितळून त्याची काळी गोळी झाली.

"हे प्लास्टिक आहे, पेंडसेभाऊ."

"पण रंग..."

"याला कितीही मारा, काही होत नाही. तुमच्यासारखं आहे."

मग त्यांनी कपाटातून आपले गणवेशाचे दोन निळे स्वेटर काढले. नागपूरच्या थंडीतल्या रात्रपाळ्यांचे, कोपरांना रफू केलेले. माझ्यासमोर त्यांनी ते उसवले. जन्मभराची नोकरी सरसर गुंडाळली जात होती आणि त्यांचा चेहरा बाजारातून आणलेली मेथी निवडावी तसा. दुपदरी धाग्याने त्यांनी जे विणलं ते पाहून वृषाली आल्यापासून पहिल्यांदा हसली. "मावशी, यात तर मीच मावेन!"

"मावशील ना. म्हणून तर आटवायची."

रविवारी सकाळी गॅलरीत तिघं. सिस्टरांनी थापी वृषालीच्या हातात दिली. तिने घाबरत टेकवल्यासारखी मारली. "असं नाही. कडेनं. खांद्यातून." हळूहळू तिचा हात लागला. मग तो थांबेना. ती दात खाऊन मारत होती, पाणी चेहऱ्यावर उडत होतं, तोंडातून मुलीच्या जातीला न शोभणारे अकोल्याकडचे शब्द बाहेर पडत होते, आणि सिस्टर "आणखी! कोपरा राहिला, कोपरा!" असं ओरडत उकळतं पाणी ओतत होत्या. पिशवी डोळ्यांदेखत आक्रसत गेली.

मला ते दृश्य फार भावलं. मी म्हणालो, "पाहा, माणसाचंही असंच आहे नाही? मार खाऊन खाऊनच घट्ट होतो."

थापीचा आवाज थांबला. सिस्टर ओल्या हातांनी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. तो सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, हळू होता.

"लोकर घट्ट होते. माणूस नाही होत. माणूस नुसता मोडते. मी पाहिलं आहे, टेबलावर. एकही बाई मार खाऊन घट्ट झालेली मी पाहिली नाही. जी उठून उभी राहिली ती मार थांबला म्हणून राहिली. असलं काही लिहायचं असंन तर घरी जाऊन लिहा, इथं बोलू नका."

मी घरी गेलो. ओल्या पिशवीत आकारासाठी घालायला आमचा जेवणाचा पाट मात्र नेमका बसला, तेवढंच माझं योगदान. वाळल्यावर पिशवी बोटभर जाड, गडद निळी, दगडासारखी उभी राहायची. सिस्टरांनी ती जिन्यावरून खाली फेकून पाहिली, आत चहाची कपबशी घालून. कान तुटला, कप शाबूत. त्यांनी तळाला आणखी एक थर शिवला.

आता पाटी. वृषालीला न्यायला कधी बसऐवजी कंपनीची गाडी येई, कधी कुरिअरवाला येई, आणि ते सगळे आमची बेल दाबत. पाठवणाऱ्याला आमच्याच मजल्याचा नंबर दिला गेला होता. पुण्यात माणूस बरंच काही सहन करतो, दुसऱ्याची बेल नाही. मी रंगाचा डबा काढला. "सौ. वृषाली या दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या कामासाठी पहिल्या मजल्यावरील बेल वाजवून आपला व आमचा वेळ दवडू नये." 'दवडू' मला विशेष आवडला. पाटी दुपारी टांगली, तेव्हा वृषाली कामावर होती आणि सिस्टर झोपल्या होत्या. रात्री वृषाली परतली तेव्हा अंधारात ती तिला दिसली नाही. तिचा नवरा बसथांब्यापर्यंत पोचला होता, हे मला ठाऊक नव्हतं. ती इथे उतरते एवढं त्याने शोधलं होतं. पुढचं त्याला कोणी सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करत असताना, कोणीतरी जिन्यावरून तीन तीन पायऱ्या चढत गेलं. आमची बेल वाजली नाही. मी समाधानाने गालाला साबण लावला.

मग वरून किंकाळी आली. मी अर्ध्या दाढीनिशी धावलो. वरच्या दारात एक किडकिडीत तरुण वृषालीला केसांनी धरून बाहेर ओढत होता. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. ती पिशवी सोडत नव्हती. त्याने तिच्या बोटांवर बूट हाणला, पिशवी हिसकावली, पायरीच्या कडेवर दोनदा आपटली आणि जिन्याच्या पोकळीतून खाली टाकली. ती दोन मजले खाली जाऊन आदळल्याचा आवाज आला. मंद आवाज. "जा आता कामाला," तो म्हणाला आणि त्याने तिच्या पोटात लाथ घातली.

सिस्टर गॅलरीतून आल्या. हातात थापी. त्यांनी काही विचारलं नाही. कडेने मारली, खांद्यातून, आणि त्याच्या उजव्या मनगटाचा जो आवाज झाला तो मी विसरलेलो नाही. तो वाकला. सिस्टरांनी दुसऱ्या फटक्यासाठी थापी वर उचलली.

आणि मी त्यांना मागून धरलं.

"अहो सिस्टर, शांत व्हा! मरेल तो!"

त्याला तेवढाच वेळ पुरला. त्याने डोक्याने सिस्टरांच्या तोंडावर धडक दिली. नाकाचं हाड मोडल्याचं मला माझ्या हातांत कळलं. मग त्याने आम्हा दोघांना ढकललं. मी कठड्याला अडकलो, त्या मधल्या चौकापर्यंत गडगडत गेल्या आणि त्यांचा हात अंगाखाली दुमडला. त्याने खाली जाता जाता त्यांच्या बरगडीत एक लाथ घातली. त्याला फाटकात धरलं ते आमच्या मंदेने आणि समोरच्या इस्त्रीवाल्याने. मंदेच्या हातात पोळीचं लाटणं होतं, ते तिने वापरलं.

सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरी साडी नाकापासून पदरापर्यंत लाल. कोपर नको त्या दिशेला. वृषाली रांगत त्यांच्यापर्यंत आली.

"मला काय पाहते? हाड आहे, जुळंन. खाली जा, आधी तो पाहा."

ती गेली. आम्ही वरून ऐकत होतो. पिशवीची चेन, मग शांतता, मग तो लॅपटॉप सुरू होतानाचा छोटा सूर. सिस्टरांनी डोळे मिटले. मोडक्या नाकातून, रक्ताचे फुगे काढत त्या म्हणाल्या, "तळाला थर लावला होता."

वृषाली सोमवारी कामावर गेली. बोटांना पट्ट्या बांधून, दोन्ही हातांच्या एकेका बोटाने टाइप करत. नोकरी राहिली. सिस्टरांचा हात जुळला, पण वाकडा. सुया धरता येईनात, तेव्हा मुलाने फ्लॅट विकला आणि त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या.

मग खटला. शिवाजीनगरच्या कोर्टात साक्षीदार म्हणून आधी मला उभं केलं. नवऱ्याच्या वकिलाने फार आदराने विचारलं, "पेंडसेसाहेब, आपण मधे पडलात?"

"हो," मी छाती काढून म्हणालो.

"आवरलंत कोणाला?"

"सिस्टरांना."

"कारण त्या मारत होत्या?"

"हो. म्हणजे, त्या क्षणी त्याच मारत होत्या."

"धन्यवाद." वकील बसला. वृषालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग जाताना मी पाहिला, आणि तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसलो. माझ्या त्या एका वाक्यावर तो सुटला असता, आणि सुटून पुन्हा त्याच थांब्यावर उभा राहिला असता.

खटला पुढे वृषालीच्या बाजूने लागला, त्याला शिक्षा झाली, तिला काडीमोड मिळाला. पण माझ्या मते तो त्या दिवशीच लागला होता, सिस्टर पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा. नागपूरहून बसचा प्रवास करून आलेल्या, नाक एका बाजूला कललेलं, डावा हात कोपरात कायमचा दुमडलेला, छातीशी घड्याळ. त्या दिवसानंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. समोरच्या टेबलावर निळी पिशवी मुद्देमाल म्हणून ठेवली होती. जातायेता लोक तिला बोटाने दाबून पाहत होते.

"तुम्ही माझ्या अशिलाला मारलंत?" वकिलाने विचारलं.

"हो. मनगटावर. दुसरा राहिला."

"का राहिला?"

"यांनी धरलं मला." वाकडा हात माझ्याकडे झाला.

"म्हणजे तिथे हजर असलेल्या एका सुशिक्षित, तटस्थ गृहस्थांना वाटलं, की आवरायला हवं ते तुम्हाला. माझ्या अशिलाला नाही. खरं ना?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. सिस्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाईसाहेब," त्या न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "यांनी मला धरलं, कारण यांची माझ्याशी ओळख होती. त्या मारणाऱ्याशी यांची कोणी ओळख करून दिली नव्हती, तर हे त्याला हात कसा लावतीन? तिथं खून होऊन राहिला असता ना, तरी या माणसानं आधी विचारलं असतं, आपलं आडनाव काय."